तिघांचं एकमत

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज बटणं वाढली. कालपर्यंत चारच होती — माणूस, वाहन, जनावर, इमारत. आकाशातून काढलेलं चित्र समोर आलं की त्यातल्या प्रत्येक गोष्टीभोवती चौकट काढायची आणि बटण दाबायचं. म्हशीला माणूस म्हटलं नाही म्हणजे मिळवली! आजपासून 'माणूस' दाबलं की खाली आणखी दोन उघडतात. धोका. धोका नाही.

कार्तिकेयला विचारलं, हे कशाला? तो आमच्या तुकडीचा प्रमुख, पण माझ्या मुलाहून, अमोघहूनही लहान. म्हणाला, ग्राहकाला हवंय. ग्राहक कोण हे त्याला ठाऊक नाही, किंवा सांगायचं नाही. जानेवारीत मी लागले तेव्हा पुरात अडकलेली माणसं शोधायला मशीनला शिकवायचंय असं सांगितलं होतं. आता पुरात अडकलेल्याचा कुणाला कसला धोका? मी तसं बोलून दाखवलं. शेजारच्या खुर्चीवरची धनलक्ष्मी हसली. कार्तिकेय हसला नाही.

घरी येऊन भात टाकला. एकटीसाठी स्वयंपाक म्हणजे खाण्यापेक्षा भांडी घासणंच जास्त.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नवे नियम समजावून सांगितले. एक चित्र तिघं बघतात — मी, धनलक्ष्मी आणि प्राणेश. 'धोका नाही' म्हणायला दोघं पुरेत. 'धोका' म्हणायचं तर मात्र तिघांचं एकमत हवं. एक जरी अडून बसला तरी चित्र अडकतं आणि फिरून फिरून तिघांकडे येत राहतं. सारखं अडणाऱ्याचा स्कोअर उतरतो. फार उतरला की तुकडीतून बाहेर!

चित्रंही बदलली. ही रंगांची नाहीत, उबेची आहेत. गरम ते पांढरं, गार ते काळं. माणसं म्हणजे पांढरे डाग, चेहरा नाही, कपडे नाहीत. मधूनच बारीक पांढरे ठिपके दिसतात, तो कॅमेऱ्याचा दोष म्हणे. पडद्याच्या खालच्या कडेला कायमचं लिहून ठेवलंय — ठिपक्यांकडे दुर्लक्ष करावे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. मोदक केले, एकवीस कशाला, पाचच. खालून अलमेलूमावशी आल्या, त्यांचे इकडचे मोदक, कोळकट्टै, घेऊन. घर त्यांचं, मी वरची भाडेकरू. तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी ऐकली की एखादं जुनं पोथीतलं पान बोलतंय असं वाटतं. "एकल्या बसून काय देवास जेवूं घालतां? खालीं या मा," म्हणाल्या. गेले नाही. त्यांच्याकडे माणसं होती. भरल्या घरात गेलं की आपलं रिकामं घर परत आल्यावर अंगावर येतं.

अमोघचा फोन, नेदरलँड्सहून. आरती फोनवरच केली. मध्ये आवाज तुटत होता, त्यामुळे मी पुढे आणि तो मागे!

१ सप्टेंबर, सोमवार

मला शेजारी मिळाले आहेत.

नव्या चित्रांत एक अंगण पुन्हापुन्हा येतं. कुठल्या देशातलं, देव जाणे. मातीची घरं, झाड एखादंच. त्या घरात दोघंच. एक पुरुष, आणि एक म्हातारी. म्हातारी हे मी ठरवलं — ती सकाळपासून एकाच जागी भिंतीला टेकून बसते, आणि तो दिवसातून कितीदा तिच्यापाशी येऊन वाकतो. काहीतरी देतो. पाणी असेल, नाहीतर वाटीभर पेज. मुलगाच असणार. परका इतक्यांदा वाकत नाही.

तो गच्चीवर एक खोली बांधतोय. रोज थोडी. आज बघितलं तर शनिवारपेक्षा बरीच वर आलेली! रविवारी आपल्याला सुट्टी, त्याला नाही. मी कौतुकाने कार्तिकेयला म्हटलं, अरे, हे तर अगदी आपल्या वारांप्रमाणे चाललंय. तो म्हणाला, सगळी जुनी चित्रं आहेत अक्का, कधीचीच. क्रमाने पाठवतात एवढंच.

जुनी तर जुनी. मला काय, रोज सकाळी आवडी स्टेशनवर गाडीत बसताना वाटतं, बघू तरी कितपत चढली खोली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज शेजाऱ्यावरून वाजलं.

संध्याकाळचं चित्र. तो गच्चीवर उभा. खांद्यावर काहीतरी लांब, काळं. मग तेच आकाशाकडे रोखलेलं. प्राणेशने 'धोका' दाबलं. धनलक्ष्मीनेही. मी 'धोका नाही'.

प्राणेश खुर्ची फिरवून म्हणाला, मग ते काय आहे? मला ठाऊक नाही, म्हटलं. ठाऊक नाही तर 'धोका नाही' कशावरून? मी विचारलं, ठाऊक नाही तर 'धोका' तरी कशावरून रे? त्याचं म्हणणं, बिनखिडक्यांची खोली बांधतोय, संध्याकाळी लांब नळी घेऊन वर जातो, आकाशाकडे रोखतो. आकाशात काय असतं? हे चित्र काढणारं यंत्रच असतं!

मी एवढंच म्हणाले, की आईला पेज भरवणारा माणूस आहे तो. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. पेज मला एकटीलाच दिसली होती.

९ सप्टेंबर

चित्र परत आलं. 'धोका नाही'. परत गेलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चहाच्या वेळी कार्तिकेय मला बाजूला घेऊन बसला. बाकीच्यांशी माझं मोडकंतोडकं तमिळ-इंग्रजी, त्याच्याशी मात्र मराठीत बोलता येतं, तो अलमेलूमावशींच्या भावाचा नातू. ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली.

मी सरळच विचारलं, हे यंत्र उद्या स्वतःच ठरवणार ना, कोणाला मारायचं? तो नाही म्हणाला नाही. त्याचा थोरला भाऊ विश्वेश सैन्यात होता. डोंगरात गस्तीवर असताना समोरून मेंढरं घेऊन एक माणूस आला. विश्वेशने बंदूक खाली केली. तो मेंढपाळ नव्हता.

"अण्णा थकला होता, अक्का. दोन रात्रीं निजला नव्हता. मशीन थकत नाहीं. भीत नाहीं, चिडत नाहीं. आणि इथें तिघांस विचारून मग सांगतें. अण्णास कोण होतें विचारायास?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचं दुःख खरं आहे. पण गाडीत बसल्यावर उत्तर सुचलं — नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं! तो खरंच मेंढपाळ निघाला असता तर? तर विश्वेश घरी आला असता, मेंढपाळ त्याच्या घरी गेला असता, आणि ही गोष्ट कोणी कोणाला सांगितलीच नसती. बंदूक खाली केली आणि काही झालं नाही, असं रोज कितीदा होत असेल. त्याचे फोटो भिंतीवर लागत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही.

हे त्याला सांगायला हवं. सांगणार नाही. भावाचा फोटो अजून अलमेलूमावशींच्या देवघरात आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ह्यांचं पान वाढलं, गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच आला. हे जिवंत असतानाही जेवायला कधी दोनदा बोलवावं लागलं नाही.

दोन वर्षं झाली. कारखान्याचं क्वार्टर सोडताना वाटलं होतं, मिरजेला परत जावं. पण मिरजेत आता आहे कोण? तिकडे परकी, इकडेही परकीच, पण इकडची सवय झालेली. तीस वर्षांत तमिळ भाजीबाजारापुरतं आलं आणि तिथेच थांबलं.

दुपारी अमोघचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं — बटणं, शेजारी, सगळं. तिकडे त्याच्या विद्यापीठात अशा हत्यारांवर बंदी घाला म्हणून सभा होतात म्हणे. मला वाटलं, बरं वाटेल त्याला. तर म्हणाला, मग तू हे काम करतेसच कशाला? सोड उद्याच. म्हटलं, सोडून करू काय? तर म्हणतो, "आई, बाबांनी जन्मभर रणगाडे जोडले, तेव्हा तुझी झोप नाही गं उडाली."

फोन ठेवला. म्हणजे आपटलाच.

खरंय ते. नाही उडाली. आवडीच्या त्या कारखान्यातल्या पगारावर घर चाललं, तो शिकला. आयुधपूजेला हे शर्टाला कुंकू लावून घेऊन यायचे, चुरमुरे, डाळं आणि गुळाचा पुडा घेऊन. एकदा मी विचारलं होतं, की तुम्ही जोडलेल्या त्या धुडाने कोणाला मारलं तर? रेडिओ बारीक करून म्हणाले, "लोखंडाला डोळे नसतात. डोळे आत बसलेल्या माणसाचे. त्याने बघायचं आणि त्याने निस्तरायचं." मला ते पटलं होतं. निदान झोपेपुरतं पटलं होतं.

आता मी काय करतेय? मी लोखंडाला डोळे बसवतेय! आणि आत माणूस नाही. बघणारी मी, आणि निस्तरणारं कोणी नाही.

अमोघला हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण त्याने परत लावला नाही, आणि मीही नाही लावला.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र बसलं. अलमेलूमावशींनी कोलू मांडला — सात पायऱ्या, बाहुल्याच बाहुल्या. मला मदतीला बोलावलं. वरच्या पायरीवर देव ठेवायचे, खाली माणसं. मी मातीचा एक शेतकरी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. खांद्यावर त्याच्या काहीतरी लांबसं होतं, रंग उडालेला. नांगर की फावडं, कळेना. मावशी म्हणाल्या, मुसळ असेल, माझ्या सासूबाईंचा आहे तो, कोणी विचारलंच नाही कधी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

स्कोअर उतरला. कार्तिकेयने सगळ्यांसमोर नाही, खोलीत बोलावून सांगितलं. चांगला आहे तो. शेजाऱ्याची चित्रं वाढत चाललीत — लांब काळी वस्तू, आकाशाकडे, जवळजवळ रोज संध्याकाळी. आणि प्रत्येक वेळी दोघं एकीकडे, मी दुसरीकडे. ती अडकतात, म्हणून पुढची बॅच येत नाही. ग्राहक विचारतोय, अडून बसणारं कोण.

"तुम्ही एकल्या अडून बसलां कीं सगळ्यांचें काम अडतें अक्का. मी किती दिवस सांभाळूं?"

म्हणजे काय ते कळलं. पुढच्या महिन्यात घरी. घरी म्हणजे — गॅस, खिडकी, टीव्ही.

खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे? मी तिथे पैशासाठी जात नाही. ह्यांचं पेन्शन पुरतं. मी जाते ते कोणीतरी "अक्का, आज डब्यात काय" असं विचारतं म्हणून. धनलक्ष्मी माझी भाकरी खाते आणि मला तिची सुक्या मासळीची चटणी देते, मी नाक मुरडते, ती हसते. एवढंच. एवढ्यासाठी मी गिंडीच्या ऑफिसपर्यंत दोन गाड्या बदलते.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्यापासून दोन दिवस सुट्टी, म्हणून ऑफिसची आयुधपूजा आजच. वयाने मोठी म्हणून पूजा माझ्याकडे. मीही जोरात होते! सकाळीच बजावलं — पूजा म्हणजे पूजा. एकदा हत्यारं देवापुढे ठेवली की विजयादशमी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. चालू नाही, बंद नाही, काही नाही. प्राणेश म्हणाला, आपली हत्यारं म्हणजे माऊस! म्हटलं, मग माऊसला गंध. सगळे खूश. दाराला केळीचे खांब, ताटात चुरमुरे, फोडायला कोहळा.

चार वाजता सगळ्या बॅच बंद झाल्या. एक सोडून. ती कुणामुळे अडली होती ते सांगायला नको.

धनलक्ष्मीने कापूर ताटलीत ठेवला होता. कार्तिकेयने शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या, कोहळा हातात. सगळे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. धनलक्ष्मीने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अक्का, एकच राहिलंय."

शेजारी गच्चीवर उभा होता. खोली पूर्ण झाली होती. हातात ते लांब काळं, आकाशाकडे. भोवती ठिपके खूप, आज फारच. खाली म्हातारी तिच्या जागेवर.

दाबलं. धोका.

तिघांचं एकमत. पडदा हिरवा झाला. मागे टाळ्या वाजल्या — पूजा सुरू करायच्या आनंदाच्या. मी माऊस उलटा करून पुसला, सरळ ठेवला, त्याला चंदन लावलं, वर कुंकू. त्याच बोटाने.

जुनी चित्रं आहेत. कधीचीच आहेत.

१ ऑक्टोबर, बुधवार

धनलक्ष्मीने जेवायला बोलावलं होतं, एन्नोरला. कालची भरपाई असावी. सेंट्रलला गाडी बदलून गेले. तिचा दीर मासेमारीला जातो, सासू, ती, सगळे एका लहान घरात. मागे औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, खाडीचा वास. होडीलाही गंध-हार घातलेला. मला पाटावर बसवून वाढलं. आज मासळी नाही, सांबार-पायसम — माझ्यासाठी खास. पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी कोणाच्यातरी मध्ये बसून.

जेवल्यावर वारा घ्यायला गच्चीवर गेलो. गच्चीवर फळ्यांची एक बिनखिडक्यांची खोली. आत घूं घूं. मी विचारलं, हे काय? कबुतरं, ती म्हणाली, दीर शर्यतीची कबुतरं पाळतो. इकडे शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत हा नादच आहे.

तेवढ्यात दीर आला. कोपऱ्यातला लांब बांबू उचलला. टोकाला काळं फडकं बांधलेलं. खोलीचं दार उघडलं, आणि बांबू खांद्यावरून फिरवून आकाशाकडे रोखला, हलवला, शीळ घातली. फडफड करत सगळी कबुतरं वर. खाली बसू बघणाऱ्याला बांबू दाखवायचा, की ते पुन्हा वर. किती उंच गेली! पांढरी पांढरी, आणखी वर, आणि मग नुसते —

ठिपके.

धनलक्ष्मी खाली पाणी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा मी बोट करून तिला दाखवलं — तो, बांबू, खोली, वर ठिपके. माझं तमिळ तेवढं नाहीच. तिने एकदा दिराकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, आणि पेला कठड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "रोज बघते मी हे, अक्का. पण खालून बघते."

कबुतरांची ढाबळ बांधत होता माझा शेजारी! महिनाभर. हाताने.

कार्तिकेयला फोन लावला. तो कुंभकोणमला, कुलदैवताला गेलेला. ऑफिसची किल्ली त्याच्याकडे. सगळं सांगितलं. तिकडे देवळात घंटा वाजत होत्या. मग म्हणाला, शुक्रवारी पहिलं काम हेच करूं. मी म्हटलं, आज नाही का? दुसऱ्या कोणाला किल्ली पाठव, कुलूप फोडायला सांग! तो समजुतीच्या सुरात म्हणाला,

"हत्यारें पूजेंत आहेत, अक्का. तुम्हीच सांगितलां ना, हात लावायचा नाहीं म्हणून? आणि जुनीं चित्रें तीं. दोन दिवसांत काय होतें?"

मीच सांगितलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. इथे आपट्याची पानं कुठे मिळणार, आणि मिळाली तरी देणार कोणाला? सोनं घ्या म्हणायला समोर कोणीतरी लागतं.

तरी सकाळी गिंडीला जाऊन आले. कोणी बोलावलं नव्हतं. जिना चढून वर गेले, कुलूप बघितलं, दाराला लावलेला आंब्याचा डहाळा बघितला. काचेला डोळा लावला. आत अंधारात माझ्या टेबलावर माऊस होता, त्याच्यावर फूल. खाली रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याच्या खापा, कुंकवाने लाल झालेल्या. वॉचमन म्हणाला, सुट्टी आहे अम्मा, उद्या या. परत आले.

संध्याकाळी मावशींनी कोलूमधली एक बाहुली आडवी केली. दशमीच्या रात्री एकीला निजवायचं, म्हणजे कोलू संपला. त्यांनी तो शेतकरीच उचलला. मी जवळजवळ ओरडलेच — तो नको! त्या चमकल्या. मग त्याला परत उभं केलं आणि दुसरी निजवली. मला जेवायला बसवून घेतलं. "मज सर्व सांगा मा," म्हणाल्या. सांगितलं. त्यांना बटणं कळली नसतील, पण विश्वेशच्या फोटोकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "त्यानें बघून खालीं केली, हेंच बरें केलें माझ्या लेकरानें. कार्तिकास मी हें कधीं म्हटलें नाहीं."

रात्री अमोघला फोन लावला. लागला नाही. तिकडे कामाची वेळ.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दार उघडायच्या आधीच मी आणि धनलक्ष्मी जिन्यात उभ्या. कार्तिकेय रात्रभर बसमध्ये, डोळे लाल, तरी वेळेवर आला. माऊसवरचं चंदन वाळून पोपडे धरले होते. न पुसताच बसले.

जुनी सगळी चित्रं काढली. ठिपके मोजले नाहीत, नुसते दाखवले — तो वर जातो तेव्हाच येतात, बांबू हलला की पांगतात, दिवस मावळायला खोलीत जातात. कॅमेऱ्याचा दोष वेळेवर घरी जातो का? प्राणेश बराच वेळ बघत होता. मग त्याने स्वतःहून 'धोका नाही' दाबलं. धनलक्ष्मीने दाबलं. मी दाबलं. खाली शेरा लिहिला — हा माणूस कबुतरं पाळतो. कार्तिकेयने तो ग्राहकाला पाठवला, आणि वर स्वतःचं नाव घातलं. माझं घालू दिलं नाही.

तिघांचं एकमत! पडदा हिरवा!

कार्तिकेय म्हणाला, तुमचा स्कोअर मी नीट करून घेईन अक्का. खरं सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आज पोटातून हसले. धनलक्ष्मीने चुरमुरे उधळले. परतीच्या वाटेवर मोगऱ्याचा गजरा घेतला आणि चक्क माळला. दोन वर्षांत पहिल्यांदा. अमोघचा फोन आला, त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, आई, सॉरी. मी म्हटलं, जेवलास का?

उद्या शनिवार. नवी बॅच येणार. ढाबळीला दार बसवलं असेल आता त्याने.

४ ऑक्टोबर, शनिवार

तेच अंगण. गच्ची नाही. ढाबळ नाही. म्हातारीच्या जागेवर काळं.

जुनी नव्हती चित्रं.

ठिपके आहेत. सगळे आहेत. गोल गोल फिरतायत, उतरायला जागा नाही म्हणून. खाली लिहिलेलंच आहे — ठिपक्यांकडे दुर्लक्ष करावे.